तत्त्वज्ञ विरुद्ध वक्ते: ग्रीक जगाच्या उत्तरकाळातल्या एका जुन्या भांडणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेटोचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “त्याला तर भाषणबाजी करणाऱ्यांचा तिटकारा होता.” ते खरंच आहे. पण त्याच्या मागून आठ-नऊशे वर्षांनी त्याचेच अनुयायी वक्तृत्वाच्या क्रमिक पुस्तकांवर भाष्यं लिहीत बसले होते. हे कसं झालं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: ग्रंथांमध्ये हे भांडण जेवढं कडाक्याचं दिसतं, तेवढं वर्गात नव्हतं. वर्गात एक शास्त्र संपलं की दुसरं सुरू होई, आणि पुष्कळदा बाकावरचा मुलगा तोच असे.

उत्तरकाळ म्हणजे नेमका कुठला?

ढोबळमानानं इसवी सनाचं तिसरं ते सहावं शतक. एका टोकाला प्लेटोवादी तत्त्वज्ञ प्लॉटिनस (मृत्यू 270), दुसऱ्या टोकाला अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञानाचा शिक्षक ऑलिम्पिओडोरस, जो 565 मध्येही शिकवत होता. सत्ता रोमची, पण पूर्वेकडचं शिक्षण ग्रीक भाषेत. दुसऱ्या शतकातल्या दोघांना मात्र सोबत घ्यावंच लागतं, हर्मोजेनीस आणि एलियस अरिस्टाइडीस. पुढची सगळी चर्चा त्यांच्याभोवती फिरते.

वक्तृत्व म्हणजे हातवारे आणि आवाजाचे चढउतार. त्यात शास्त्र कसलं?

हा गैरसमज आधी काढू, कारण तो राहिला तर पुढचं काहीच कळणार नाही.

त्या काळच्या वक्तृत्वशास्त्राचा गाभा होता ‘स्टॅसिस’, म्हणजे वाद नेमका कुठे अडला आहे ते ठरवणं. आपल्याकडे दिवाणी दाव्यात कोर्ट ‘मुद्दे काढतं’, साधारण तसंच. शाळेत चालणारं एक उदाहरण घ्या. ओसाड जागी एक माणूस नुकताच मारल्या गेलेल्या कुणाचं तरी प्रेत पुरताना सापडतो. त्याच्यावर खुनाचा आरोप येतो. तो म्हणतो, मी मारलं नाही. इथे वाद घटनेचा आहे: झालं की नाही? मग हेतू काय होता, त्याला ते शक्य होतं का, प्रेत पुरण्याला दुसरं काही कारण असू शकतं का, असे प्रश्न ओळीनं येतात.

दुसरं उदाहरण. देवळात कुणीतरी स्वतःचे पैसे ठेवायला दिले होते, ते चोरीला गेले. चोर सापडला, त्यानं कबूलही केलं. पण ही साधी चोरी की देवळाची लूट? देवळाच्या लुटीला शिक्षा फार कडक. चोर म्हणतो, पैसे देवाचे नव्हतेच. फिर्यादी म्हणतो, देवळातून उचललेस ना? इथे घटनेवर दुमत नाही, वाद व्याख्येचा आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे ‘केलं, नावही मान्य, पण केलं ते योग्यच होतं’. आणि शेवटची पायरी: ‘हा खटला इथे चालूच शकत नाही’.

ही मांडणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात टेम्नॉसच्या हर्मागोरासनं केली. हर्मोजेनीसनं ती वाढवून तेरा प्रकारांपर्यंत नेली. आता गंमत बघा. ‘आहे का? काय आहे? कसं आहे?’ हे प्रश्न ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र वाचलेल्या माणसाला ओळखीचे वाटणारच. तत्त्वज्ञांना या पुस्तकांत रस का वाटला, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

हा हर्मोजेनीस कोण?

टार्ससचा, जन्म साधारण 160 चा. पंधराव्या वर्षी त्याची एवढी ख्याती झाली होती की खुद्द सम्राट मार्कस ऑरिलियस त्याला ऐकायला गेला. मोठा झाल्यावर मात्र त्याची वाणी गेली असं चरित्रकार फिलोस्ट्रॅटस सांगतो, आणि लोकांनी त्याची चेष्टाही केली. बोलता येईनासं झालेल्या या माणसाची पुस्तकं पुढे हजारेक वर्षं मुलांना बोलायला शिकवत राहिली.

त्याचं दुसरं महत्त्वाचं पुस्तक शैलीवर आहे. स्पष्टता, भव्यता, सौंदर्य, वेग, स्वभाव, सच्चेपणा आणि या सगळ्यांचा नेमका वापर करण्याचं सामर्थ्य, असे शैलीचे सात मुख्य गुण तो सांगतो. त्यांना तो ‘इडिया’ म्हणतो. प्लेटोच्या तत्त्वज्ञानातला प्रसिद्ध शब्द तोच! त्याचा सर्वोच्च नमुना अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस असला, तरी स्तुतिपर गद्यात पहिला मान तो प्लेटोलाच देतो. म्हणजे वक्त्यांच्या क्रमिक पुस्तकात वक्तृत्वाचा सर्वांत मोठा टीकाकार आदर्श लेखक म्हणून बसला आहे.

प्लेटोचा मूळ आक्षेप काय होता?

‘गॉर्जियास’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, वक्तृत्व ही कला नाही, सवयीनं अंगी आलेली हातोटी आहे आणि खुशामतीचा एक प्रकार आहे. वैद्यकाशी पाकसिद्धीचं जे नातं, तेच न्यायाशी वक्तृत्वाचं. लहान मुलांपुढे वैद्य आणि हलवाई यांची निवडणूक लावली तर वैद्य उपाशी मरेल. अथेन्सचे चार थोर नेते, मिल्टायडीस, थेमिस्टोक्लीस, सायमन आणि पेरिक्लीस, यांनाही तो सोडत नाही. यांनी शहरात बंदरं, गोद्या, तटबंद्या भरल्या, पण नागरिकांना चांगलं केलं का?

मात्र ‘फीड्रस’मध्ये तोच प्लेटो वेगळ्या सुरात बोलतो. खरं वक्तृत्व असू शकतं, पण त्यासाठी विषयाचं सत्य माहीत हवं आणि ऐकणाऱ्याचा आत्मा कोणत्या जातीचा आहे, त्याला कोणतं बोलणं लागू पडेल, हेही माहीत हवं. ही फट त्यानं स्वतःच ठेवली होती. पुढच्या प्लेटोवाद्यांनी तिचं दार केलं.

वक्त्यांच्या बाजूनं कुणी उत्तर दिलं का?

दिलं, आणि तेही जोरदार. एलियस अरिस्टाइडीस (जन्म 117) हा दुखणाईत माणूस. पर्गामनच्या वैद्यदेवतेच्या देवळात त्यानं बराच काळ उपचारांसाठी काढला. प्लेटोविरुद्ध त्यानं वक्तृत्वाच्या बाजूनं एक लांबलचक भाषण लिहिलं आणि त्या चार नेत्यांच्या बचावासाठी आणखी एक. त्याची सर्वांत बोचरी चाल अशी की, प्लेटो हाच वक्त्यांचा बाप आणि गुरू आहे. वक्तृत्वाला नावं ठेवायला त्यानं वक्तृत्वच वापरलं की नाही?

हा टोला किती वर्मी बसला ते पुढच्या इतिहासावरून कळतं. शंभराहून अधिक वर्षांनी प्लॉटिनसचा शिष्य पॉर्फिरी यानं अरिस्टाइडीसच्या खंडनासाठी सात खंडांचा ग्रंथ लिहिला (आता तो हरवला आहे). सहाव्या शतकात ऑलिम्पिओडोरसही वर्गात त्यालाच उत्तर देत होता. दुर्लक्ष करता आलं असतं तर त्यांनी केलंच असतं.

प्लॉटिनसला वक्तृत्वाचं वावडं होतं का?

त्याला लेखनाच्या टापटिपीचंच वावडं होतं. एकदा लिहिलेलं तो पुन्हा वाचत नसे, अक्षर वाईट, शुद्धलेखनाची पर्वा नाही, काही शब्द तर चक्क चुकीचे उच्चारायचा. हे सगळं त्याचा शिष्य पॉर्फिरी त्याच्या चरित्रात लिहून ठेवतो, आणि त्यातले दोन प्रसंग या विषयासाठी सोन्यासारखे आहेत.

पहिला. आत्मा शरीरात कसा असतो, यावर पॉर्फिरी सलग तीन दिवस प्रश्न विचारत होता आणि प्लॉटिनस उत्तरं देत होता. थॉमासियस नावाचे गृहस्थ ऐकायला आले. त्यांना ही प्रश्नोत्तरं सोसवेनात, त्यांना उतरवून घेता येईल असं सलग व्याख्यान हवं होतं. प्लॉटिनस म्हणाला, पॉर्फिरीच्या शंका आधी सुटल्या नाहीत, तर लिहून घेण्याजोगं आपल्याकडे सांगायला काहीच उरणार नाही.

दुसरा प्रसंग कडवट आहे. डायोफेनीस नावाच्या वक्त्यानं एकदा तिथे लेख वाचला. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादातल्या, सॉक्रेटिसवर भाळलेल्या अल्किबायडीसचा बचाव करताना त्याचा मुद्दा असा की, सद्गुण शिकायचे असतील तर शिष्यानं गुरूच्या शरीरसंबंधाच्या मागणीलाही नकार देऊ नये. प्लॉटिनस ऐकताना वारंवार उठून जायला निघे आणि स्वतःला आवरून परत बसे. सभा संपल्यावर त्यानं पॉर्फिरीला उत्तर लिहायला सांगितलं. डायोफेनीस आपला लेख द्यायला तयार होईना, म्हणून पॉर्फिरीनं ऐकलेले मुद्दे आठवून खंडन लिहिलं आणि त्याच श्रोत्यांपुढे वाचलं. प्लॉटिनस इतका खूश झाला की मध्येच होमरची ओळ म्हणू लागला, ‘असाच मारा कर, म्हणजे लोकांना प्रकाश होशील.’

मला या प्रसंगात एक गोष्ट नेहमी खटकते आणि आवडतेही. खोट्या भाषणाला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा प्लॉटिनसनं स्वतः संवाद केला नाही. वक्तृत्वात तयार झालेल्या शिष्याला पुढे केलं.

पॉर्फिरी वक्तृत्वात तयार झालेला होता?

हो. रोमला येण्याआधी तो अथेन्समध्ये लॉन्जायनसकडे शिकला होता. लॉन्जायनस म्हणजे त्या काळचा साहित्याचा जाणकार, त्याच्या वक्तृत्वावरच्या पुस्तकाचा काही भाग आजही मिळतो. त्याच्याबद्दल प्लॉटिनसचा शेरा प्रसिद्ध आहे: भाषेचा पंडित आहे खरा, पण तत्त्वज्ञ मुळीच नाही. हाच लॉन्जायनस पुढे पाल्मिराची राणी झेनोबिया हिचा सल्लागार झाला आणि तिच्या पाडावानंतर सम्राट ऑरेलियननं त्याला ठार मारलं. पंडिताचा शेवट राजकारणात झाला.

पॉर्फिरीनं मिन्युशियानस या वक्तृत्वाच्या लेखकावर भाष्यही लिहिलं होतं. त्याचा एक विचार नंतरच्या भाष्यकारांनी जपून ठेवला आहे: बोलण्याला आत्मा आणि शरीर असतं, आशय शोधणं हा आत्मा आणि शब्दरचना हे शरीर. ‘शब्दार्थ हे काव्याचं शरीर’ हे संस्कृत काव्यशास्त्रातलं वाक्य ऐकून वाढलेल्या आपल्यासारख्यांना इथे थबकायला होतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता असं मात्र म्हणायचं नाही.

प्लेटोच्या पीठाचा प्रमुख वक्तृत्वाच्या पुस्तकावर भाष्य का लिहितो?

हा सिरियानसबद्दलचा प्रश्न. पाचव्या शतकात अथेन्सच्या प्लेटोवादी शाळेचा तो प्रमुख, तत्त्वज्ञ प्रोक्लसचा गुरू, ॲरिस्टॉटलच्या ‘मेटाफिजिक्स’चा कडक टीकाकार. आणि त्याच्या हातची हर्मोजेनीसच्या दोन्ही पुस्तकांवरची भाष्यं आज उपलब्ध आहेत.

कारण व्यावहारिक आहे. विद्यार्थी त्याच्याकडे येईपर्यंत हर्मोजेनीस पाठ करून आलेला असे. व्याख्या करणं, प्रकार पाडणं, हरकत घेणं, दुसरी बाजू मांडणं, हे सगळं त्याला तिथेच येत असे. ते नीट आहे की नाही, व्याख्या व्याख्येसारखी आहे का, वर्गीकरण खरंच पुरं पडतं का, हे तपासणं तत्त्वज्ञाला सोपं होतं आणि उपयोगाचंही. वक्तृत्व खोडून काढण्याऐवजी त्याच्यावर भाष्य लिहायचं, म्हणजे ते आपोआप आपल्या अभ्यासक्रमाची खालची पायरी होतं. शत्रूला हरवण्यापेक्षा त्याला नोकरीला ठेवणं शहाणपणाचं, हे सिरियानसला कळलं होतं असं मला वाटतं.

वक्तृत्वाच्या पुस्तकांना जोडलेल्या प्रस्तावनांमध्येही तत्त्वज्ञानाची भाषा शिरली. वक्तृत्व आहे का, काय आहे, कसं आहे, कशासाठी आहे, अशा क्रमानंच त्या सुरू होतात. काही ठिकाणी प्लेटोचे आत्म्याचे तीन भागसुद्धा भाषणांच्या तीन प्रकारांना वाटून दिलेले आहेत: सल्ल्याचं भाषण बुद्धीला, खटल्याचं भाषण तडफेला, स्तुतीचं भाषण वासनेला. हे वाटप जरा ओढूनताणून आहे, पण परीक्षेला लक्षात ठेवायला उत्तम.

(आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांच्या सुरुवातीला विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी सांगायची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रस्तावना परक्या वाटणार नाहीत.)

विद्यार्थी नक्की कोणत्या क्रमानं शिकायचा?

आधी व्याकरण आणि कवी, मग वक्तृत्व, मग ज्याला परवडेल आणि झेपेल त्यानं तत्त्वज्ञान. वक्तृत्वाची सुरुवात लेखनाच्या छोट्या सरावांनी होई. वक्तृत्वाचा शिक्षक लिबानियस याचा शिष्य ॲफ्थोनियस यानं असे चौदा सराव दिले आहेत: बोधकथा, गोष्ट, सुभाषिताचा विस्तार, स्तुती, निंदा, तुलना असे चढत्या क्रमानं. ‘कल्पनाविस्तार करा’ हा प्रश्न सोडवलेल्यांना ही मंडळी सख्खी वाटतील.

तत्त्वज्ञानाकडे वळणं ही बहुतेकांच्या आयुष्यात एक ठळक घटना असे. प्रोक्लस अलेक्झांड्रियात लिओनास या वक्तृत्वाच्या शिक्षकाच्या घरचाच झाला होता. गुरूबरोबर बायझँटियमला (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलला) गेला असताना देवीनं त्याला तत्त्वज्ञानाकडे वळवलं, असं त्याचा चरित्रकार मारिनस सांगतो. तो अथेन्सला येऊन सिरियानसच्या घरी पोचला तेव्हा तिथे लाखारीस नावाचा वक्तृत्वाचा शिक्षकही बसलेला होता. चंद्र दिसला. यजमानांना या नवख्याला वाटेला लावून आपली पूजा करायची होती, तर त्यानं तिथेच पायातले जोडे काढून चंद्राला नमस्कार केला. लाखारीस चकित होऊन म्हणाला, हा पोरगा एक तर फार मोठं भलं करील नाही तर त्याच्या उलट. मला मौज वाटते ती याची, की तत्त्वज्ञाच्या घरी संध्याकाळी गप्पा मारायला वक्तृत्वाचा मास्तर बसलेला असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

दमास्कियस तर तीन वर्षं वक्तृत्व शिकला आणि नऊ वर्षं ते शिकवत होता. तिथून निघून तो अथेन्सच्या शाळेचा शेवटचा प्रमुख झाला.

‘सोफिस्ट’ ही शिवी होती की पदवी?

सोफिस्ट म्हणजे वक्तृत्व शिकवणारा आणि जाहीर भाषणं करणारा. शब्द शिवीही आणि पदवीही, कोण कुणाला म्हणतंय त्यावर अवलंबून. युनापियसनं चौथ्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञ आणि सोफिस्ट यांची चरित्रं एकाच पुस्तकात लिहिली, म्हणजे त्याच्या लेखी दोघं एकाच पंगतीतले. त्याचा गुरू प्रोहेरेसियस. तरुणपणी हा आणि त्याचा मित्र हेफेस्टियन इतके गरीब की दोघांत मिळून बाहेर जायचं वस्त्र एकच. एक ते पांघरून व्याख्यानाला जाई, तेव्हा दुसरा घोंगड्यांखाली पडून वक्तृत्वाचा सराव करी. पुढे एका जाहीर परीक्षेत विरोधकांनी दिलेल्या अवघड विषयावर तो ऐनवेळी बोलला. लघुलेखक बसवा आणि टाळ्या वाजवू नका, या अटी त्यानंच घातल्या होत्या. मग सगळं भाषण शब्दन् शब्द पुन्हा म्हणून दाखवलं. शाळेच्या उत्स्फूर्त भाषणस्पर्धेत चिठ्ठी उचलल्यावर माझे पाय लटपटायचे, म्हणून या माणसाविषयी मला जरा जास्तच आदर आहे.

थेमिस्टियसची गोष्ट उलटी. त्यानं ॲरिस्टॉटल सोपा करून लिहिला आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राटांपुढे भाषणंही केली. लोक त्याला सोफिस्ट म्हणून हिणवू लागले. तो भांडला: तत्त्वज्ञान चार भिंतींत कोंडून ठेवायचं आणि गर्दीपुढे न्यायचंच नाही, हा कुठला न्याय?

आणि सायरीनचा सिनेसियस. अलेक्झांड्रियाची तत्त्वज्ञ हायपेशिया हिचा विद्यार्थी, पुढे बिशप. चांगली भाषा लिहितो म्हणून त्याच्यावर दोन्हीकडून टीका झाली, पांढऱ्या वस्त्रातल्या तत्त्वज्ञांची आणि काळ्या वस्त्रातल्या साधूंची. हायपेशियाला पाठवलेल्या पत्रात तो याची तक्रार करतो, आणि सोबत ‘डिऑन’ हे साहित्याच्या बचावाचं पुस्तक धाडतो. याच माणसानं टकलाची स्तुती करणारा एक खुसखुशीत निबंधही लिहिला, कारण आधीच्या एका वक्त्यानं केसांची स्तुती केली होती.

ॲरिस्टॉटलच्या ‘ऱ्हेटोरिक’चं काय झालं?

वक्तृत्वाच्या वर्गातून हर्मोजेनीसनं त्याला जवळपास हद्दपार केलं. अलेक्झांड्रियाच्या भाष्यकारांनी मात्र ते आणि ‘पोएटिक्स’ ही दोन्ही पुस्तकं तर्कशास्त्राच्या ग्रंथांत नेऊन बसवली. त्यांचा हिशेब मजेदार आहे: सिद्धतेचा युक्तिवाद पूर्ण खरा, संवादातला युक्तिवाद बराचसा खरा, वक्त्याचा निम्मा खरा निम्मा खोटा, सोफिस्टाचा बराचसा खोटा आणि कवीचा पूर्ण खोटा. कवींनी मनावर घेऊ नये. ही मांडणी पुढे अरबी तत्त्वज्ञांकडेही गेली.

ऑलिम्पिओडोरस वर्गात ‘गॉर्जियास’ कसा शिकवायचा?

पन्नास व्याख्यानांत. प्लेटोच्या संवादांचा जो क्रम आधीचा प्लेटोवादी तत्त्वज्ञ इयाम्ब्लिकस यानं लावून दिला होता, त्यात ‘गॉर्जियास’ दुसरा. म्हणजे नव्या विद्यार्थ्यांचा वर्ग, आणि त्यातले पुष्कळ जण वक्तृत्वाकडून नुकतेच आलेले किंवा पुढे वकिली-नोकरीकडे जाणारे. त्यांना ‘तुमचा धंदा खुशामतीचा’ असं सरळ सांगून कसं चालेल?

म्हणून तो म्हणतो, हा संवाद मुळात वक्तृत्वाबद्दल नाहीच, नागरिक म्हणून सुखी व्हायची तत्त्वं कोणती, याबद्दल आहे. वक्तृत्वाचे तो दोन भाग करतो, खरं आणि खोटं. खरा वक्ता हा राज्यधुरंधराच्या हाताखालचा, त्याच्या सांगण्यावरून लोकांना पटवणारा. त्या चार नेत्यांबद्दलही त्याचा सूर मवाळ आहे: ते खुशामती नव्हते, पण पूर्ण अर्थानं राज्यधुरंधरही नव्हते. अरिस्टाइडीसला उत्तर देता देता त्यानं त्याचं निम्मं म्हणणं मान्य करून टाकलं आहे.

शिवाय हा पारंपरिक देवांना मानणारा शिक्षक, आणि समोरचे बरेच विद्यार्थी ख्रिस्ती. देवांची नावं ऐकून बिचकू नका, त्या शक्ती समजा, असं तो त्यांना समजावतो. पटवण्याची कला त्याला चांगलीच येत होती.

अलेक्झांड्रियात कोम एल-दिक्का इथे पोलिश उत्खननकर्त्यांना अशा व्याख्यानगृहांची रांगच सापडली आहे, सुमारे वीस. तीन भिंतींना लागून दगडी पायऱ्यांची बैठक, टोकाला शिक्षकाची उंच जागा. कुठल्या खोलीत वक्तृत्व चाले आणि कुठल्या खोलीत तत्त्वज्ञान, ते दगडांवरून कळत नाही.

529 मध्ये सगळं संपलं ना?

सम्राट जस्टिनियनच्या हुकमानं अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन थांबलं, दमास्कियस आणि सहा सोबती काही काळ इराणच्या खुस्रोच्या दरबारी गेले. अलेक्झांड्रियात मात्र वर्ग चालू राहिले. हर्मोजेनीसला काहीच झालं नाही. बायझँटाइन साम्राज्यात तो शतकानुशतकं क्रमिक पुस्तक म्हणून टिकला, आणि त्याच्यासोबत सिरियानसची भाष्यंही.

याचा भारताशी काही संबंध?

धागा बारीक आहे. इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञान प्रत्यक्ष जाणून घ्यावं म्हणून प्लॉटिनस 243 मध्ये सम्राट गॉर्डियनच्या पूर्वेकडच्या मोहिमेत सामील झाला. गॉर्डियन मारला गेला, प्लॉटिनस कसाबसा जीव वाचवून अँटिऑकला परतला आणि तिथून रोमला गेला. भारत राहूनच गेला.

वाचायला सुरुवात कुठून करू?

‘गॉर्जियास’पासून, आणि शेवटपर्यंत. अर्ध्यावर सॉक्रेटिसशी वाद घालणारा कॅलिक्लीस चिडतो आणि उत्तरं द्यायचं सोडतो. मग सॉक्रेटिस आपणच प्रश्न विचारतो, आपणच उत्तरं देतो, आणि शेवटी परलोकातल्या न्यायनिवाड्याची लांबच लांब कथा सांगतो. वक्तृत्वाचा शिक्षक गॉर्जियास याला सुरुवातीला ‘बाबा, थोडक्यात बोल’ म्हणून बजावणारा हाच. तिथे पोचलात की अरिस्टाइडीस इतका का खवळला आणि ऑलिम्पिओडोरसला पन्नास व्याख्यानं का लागली, ते एकदमच लक्षात येईल.